चार ते सहा

४ जून

मामा,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी नुसतं ‘कसे आहात’ विचारते, तुम्ही त्यावरून एखादी कविता सुरू करता आणि तिसऱ्या कडव्याला माझी जेवणाची सुट्टी संपते. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं.

तर काम असं आहे. गेल्या आठवड्यात मेट्रनबाईंनी सगळ्या वॉर्डांच्या इन्चार्ज सिस्टरना बोलावून सांगितलं, की पुढच्या एप्रिलपासून इन्चार्ज राहायचं असेल तर पदवी हवी. पदवी पुरी नसेल तर पहिलं वर्ष पास झाल्याचा दाखला तरी हवा. मी पडले डिप्लोमावाली. चोवीस वर्षं नर्स आहे, त्यातली नऊ वर्षं या तीस खाटांच्या वॉर्डची इन्चार्ज, पण कागदावर मी अर्धवटच. दाखला नाही आला तर वॉर्ड दुसरीकडे जाणार. जिला मी सुई कशी धरायची ते शिकवलं, तिच्यापुढे मी रजेचा अर्ज घेऊन उभी राहणार. मामा, मला वॉर्ड सोडायचा नाही. बाकी काही गेलं तरी चालेल.

विद्यापीठाने म्हणे आमच्यासारख्या नोंदणी झालेल्या नर्सनी परत शिकायला यावं म्हणून ऑनलाइन मार्ग केलेत. मार्ग किती? मी मोजले, पाच. प्रत्येकाला वेगळं दार, वेगळी अट. चार दिवस वाचतेय आणि दर दिवशी मी वेगळ्याच मार्गाला पात्र ठरतेय. तुम्ही निवृत्त मास्तर, घरी कॉम्प्युटर आहे, वेळ आहे. माहितीपत्रक पाठवतेय. कुठल्या दाराने आत जायचं तेवढं सांगा.

तुमची
खारूताई

१२ जून

चि. खारूताई,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे लिहून शाई का घालवू?

तुझं माहितीपत्रक मी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, शेवटी मोठ्याने वाचलं. कळेना ते कळेचना. अडतीस वर्षं मुलांना उताऱ्याचं आकलन शिकवलं; या उताऱ्याखालच्या प्रश्नांत मी शून्यावर बाद झालो असतो. ‘ब्रिज’ म्हणजे पूल, हे मला येतं. आमच्या पाचवीच्या पुस्तकात पुलावरची एक गोड कविता होती, खाली पाणी, वर मुलं; पण त्या पुलावरून कुणी पदवीला गेल्याचं स्मरत नाही. ‘क्रेडिट’ हा शब्द मी आजवर फक्त किराणा दुकानाच्या पाटीवर वाचला होता, ‘देणार नाही’ या शब्दांच्या शेजारी.

शेवटी त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने मला पहिल्याच वाक्यात ‘सिस्टर’ म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही. इतक्या आदराने मला बऱ्याच वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. तिने सांगितलं ते असं: तुझं दार तिसरं. डिप्लोमा आणि नोंदणी दोन्ही असलं की पहिली दोन वर्षं शिकलीसच असं धरतात आणि उरलेल्या दोनच वर्षांत पदवी. मी अर्ज भरून टाकला. ‘अनुभव’ या रकान्यात पाचशे अक्षरांची मर्यादा होती. तुझ्या चोवीस वर्षांना पाचशे अक्षरं! मी फार हळहळलो, मग बसवलं कसंबसं.

व्याख्यानं दर मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी दोन ते तीन. परत वहीला कव्हर घालायचे दिवस आले गं तुझे.

मामा

२० जून

मामा,

प्रवेश मिळाला. वॉर्डमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग मी वेळापत्रक पाहिलं.

दोन वाजता आमची ओव्हर असते. म्हणजे सकाळच्या पाळीने दुपारच्या पाळीला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पेशंट सोपवायचा. कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं, कुणाकडे डोळ्यात तेल घालून बघायचं. इन्चार्जने तिथे नसणं म्हणजे लग्नात नवऱ्या मुलीने नसणं. मेट्रनबाईंना विचारलं, वेळ मागेपुढे कराल का. म्हणाल्या, “तुझ्या कॉलेजसाठी हॉस्पिटलचं घड्याळ फिरवू?”

हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते. म्हणून विचारतेय, आणि विचारताना लाज वाटतेय. माझ्या नावाने तुम्ही घरून लॉगिन करून बसाल का? कॅमेरा लावावा लागत नाही. दर पंधरा मिनिटांनी एक चौकोन उगवतो, तो दाबला की हजेरी. दर आठवड्याला आपल्या कामातला एक प्रसंग दोनशे शब्दांत लिहून टाकायचा असतो. त्याचे मुद्दे मी पत्राने पाठवीन, तुम्ही टाइप करा. पासवर्ड खाली लिहिलाय. चूक आहे हे मला कळतं. दुसरा रस्ता दिसत नाही.

खारूताई

१८ जुलै

चि. खारूताई,

तू मला नुसतं बसायला सांगितलं होतंस. मी बसलो, पण मन काही बसेना!

तो चौकोन उगवला की मी दाबतो आणि तोंडाने ‘हजर’ म्हणतो. नाहीतर दाबल्यासारखं वाटतच नाही. मॅडम तरुण आहेत, आवाज बारीक, पण शिकवतात मनापासून. काल नाडीवर तासभर बोलल्या. मी माझी धरून बसलो होतो. बोटाखाली एवढंसं काहीतरी उड्या मारत होतं, जणू वर्गाबाहेर जायची परवानगी मागणारं पोर. इतकी वर्षं आपण कवितेत हृदय हृदय करतो, आणि ते मनगटाशी येऊन बसलेलं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझे प्रसंग टाइप करतो. तुझी वाक्यं फार तुटक येतात, मी थोडी सांधतो. वर्गातल्या दोन सिस्टरनी खाली लिहिलंय, ‘वाचून डोळे भरून आले ताई.’ मॅडमनी मात्र लिहिलं, ‘भाषा सुंदर. निरीक्षण कमी पडतं.’ हा शेरा मला समजला नाही. सुंदर भाषा हेच एक निरीक्षण नव्हे का?

एक खरं सांगू? तुझी मामी गेल्यापासून दुपारचे दोन ही माझी सर्वांत रिकामी वेळ. आता मंगळवार-गुरुवार सकाळपासून मी दाढी करून तयार असतो.

मामा

२ ऑगस्ट

मामा,

आज कँटीनमध्ये बसून मोबाइलवर तुमचं लिखाण वाचलं आणि चहा नाकात गेला. मी मुद्दा काय पाठवला होता? ‘पेशंटने पाणी मागितलं. ऑपरेशन होतं म्हणून दिलं नाही. ओठ ओले केले.’ तुम्ही त्यात नदी आणलीत. काठावर तहानलेलं हरीण आणलंत. आमच्या वॉर्डमध्ये हरीण कुठल्या खाटेवर आहे ते मला कळवा, त्याचा चार्ट भरायचा राहिलाय.

त्याच वर्गातली, आठ वर्षं नोकरी झालेली एक मुलगी मला भेटायला आली होती. म्हणाली, “ताई, तुमचं वाचून मी नर्सिंग सोडायचा विचार सोडला.” मी मान हलवली. मामा, मला आता कळत नाही की शिकतंय कोण. पुस्तक उघडायला मला वेळ नाही, आणि नाव मात्र माझं होतंय.

दोन सिस्टर रजेवर गेल्यात, तिसरी पाय मुरगळून घरी. दोन-तीन आठवडे मुद्दे पाठवणं जमणार नाही. तुम्हीच काहीतरी लिहा. हरीण नको.

खारूताई

२४ ऑगस्ट

चि. खारूताई,

हे पत्र सुचेल तसं लिहितो आहे, उलटसुलट झालं तर सांभाळून घे.

या वेळचा विषय होता, ‘शेवटच्या तासांतली शुश्रूषा’. तुझे मुद्दे येणार नव्हते. मला जगात एकच सिस्टर ठाऊक आणि एकच पेशंट. म्हणून मी तुझ्या नावाने तुझ्या मामीचा तुझ्या वॉर्डमधला तो शेवटचा दिवस लिहिला. हरीण नाही, नदी नाही. जसं होतं तसं लिहिलं. दुपारी पेशंटचे यजमान अंघोळीला आणि कपडे बदलायला घरी गेले. चार वाजता श्वासाची लय बदलली, थांबून थांबून येऊ लागला. सहाला दहा कमी असताना मी यजमानांना फोन केला. ते सव्वासहाला पोचले. पावणेसातला त्या गेल्या. यजमानांना अर्धा तास मिळाला, त्यांनी हात धरून ठेवला होता. एवढंच.

मॅडमनी या वेळी भाषेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते असं: ‘श्वास बदलला चारला. नातेवाइकांना कळवलं जवळजवळ सहाला. हे दोन तास का थांबलात? याचं उत्तर मला हवं आहे. १९ सप्टेंबरच्या तोंडी परीक्षेत याच प्रसंगावर बोलू. या सत्रातले निम्मे गुण याला आहेत.’

मी तो शेरा वाचला आणि म्हटलं, मॅडम काहीतरी चुकतायत. मग वर जाऊन माझाच मजकूर वाचला. चार मीच लिहिलंय. ते तू मला दहा-बारा दिवसांनी सांगितलं होतंस, धीर द्यायला, ‘चारपासूनच तशी शांत झाली होती मामा’ म्हणून. सहाला दहा कमी हे तर माझ्या भिंतीवरच्या घड्याळातलं. दोन्ही आकडे अकरा वर्षं माझ्याजवळ होते. मी ते कधी एका ओळीत मांडले नव्हते.

काय उत्तर लिहू?

मामा

३१ ऑगस्ट

मामा,

आकडा चुकून पडला असं लिहा. चारच्या ठिकाणी सव्वापाच करा. सव्वापाच ते सहाला दहा कमी चालतं, तेवढा वेळ डॉक्टरना बोलावण्यात जातो. घाईत आहे, पाच ॲडमिशन आहेत.

खारूताई

७ सप्टेंबर

चि. खारूताई,

उत्तरपत्रिकेतला आकडा मी आयुष्यात कधी बदलला नाही, मुख्याध्यापकांचा भाचा नापास होत होता तेव्हासुद्धा. आता या वयात माझ्याच्याने होणार नाही.

पण तुझं पत्र मिळाल्यापासून मी पुष्कळ विचार केला. तीस खाटा आणि तुम्ही दोघी. तू तेव्हा साधी स्टाफ नर्स. कुणाचं सलाईन संपलं असेल, कुणी पडलं असेल, आणि फोन करायचा राहून गेला असेल. माणूस आहे. तू भीत होतीस म्हणूनच मला कधी बोलली नाहीस, होय ना? तर ऐक. मी मनात काही धरलेलं नाही. तुला माफ केलं. अगदी पाटी पुसावी तसं.

आणि व्यवहाराचंही बोलतो. मॅडमच्या आतापर्यंतच्या शेऱ्यांवरून मला त्यांचा स्वभाव कळला आहे. चूक कबूल करणारी सिस्टर त्यांना फार भावते. मागे एकीने औषधाची वेळ चुकल्याचं लिहिलं, तिला सर्वांत जास्त गुण दिले. तू परीक्षेत सरळ सांग, ‘कामाच्या गर्दीत माझ्याकडून राहिलं, त्यातून मी शिकले.’ सत्र पास होशील, दाखला मिळेल, वॉर्ड तुझ्याकडे राहील. माझ्यासमोर तर आता लपवायचं काही उरलंच नाही.

मामा

१३ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र ड्रेसिंगच्या खोलीत उभ्याने वाचलं. ‘माफ केलं’ इथपर्यंत आले आणि पुढे वाचवेना. रागावले नसते तर बरं झालं असतं, पण रागावले. तुमच्यावर. पहिल्यांदाच.

माझ्याकडून राहिलं नव्हतं. चोवीस वर्षांत माझ्याकडून पुष्कळ राहिलं असेल, पण ते नाही. चार वाजता मी मामीच्या खाटेशीच होते. श्वास बदललेला मी पाहिला, मला कळला, आणि मी फोनकडे निघाले होते. मामीने माझा पदर धरला. तेव्हा आम्हाला साडीच होती. म्हणाली, “कुठे निघालीस?” म्हटलं, “मामांना बोलावते.” तर म्हणाली, “मास्तरांना इतक्यात नको गं. ते आले की डोळे पुसत बसतील, मग कविता म्हणतील, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागेल. आयुष्यभर ऐकलं, आवडीने ऐकलं. आता जरा गप्प पडू दे.”

मी म्हटलं, “मामी, मला बोलावलंच पाहिजे, नियम आहे.” ती म्हणाली, “नियम तुझे. मरण माझं.” आणि हसली. तुम्हाला ते हसू ठाऊक आहे, तुम्ही भाजी चुकीची आणली की हसायची ते.

पेशंट शुद्धीवर असला आणि कुणाला बोलावू नको म्हणाला तर ऐकायचं, हे तेव्हा आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी नर्स म्हणून ऐकलं की भाची म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. सहाला दहा कमी असताना तिनेच सांगितलं, “आता बोलाव. नाहीतर बिचारे मला शोधत राहतील.”

तुम्ही आल्यावर म्हटलेली कविता तिने ऐकली का, हे मला विचारू नका. डोळे मिटलेले होते. मला माहीत नाही.

अकरा वर्षं सांगितलं नाही ते भीतीने नाही. सांगायचं कसं ते सुचलं नाही.

खारूताई

२२ सप्टेंबर

मामा,

तुमचं उत्तर नाही. येईल असं धरून लिहिते.

परीक्षा झाली. मेट्रनबाईंच्या ऑफिसमध्ये कॅमेऱ्यासमोर बसले, दार लावून. मॅडमनी विचारलं, “दोन तास का थांबलात?” तुमचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, ‘कामाच्या गर्दीत राहिलं.’ ते म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सुटले असते. पण मामा, माझ्या हातून जे नीट झालं त्याची चूक म्हणून सही कशी करू? मी सांगितलं, पेशंटने थांबायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मग हे तुम्ही लिहिलं का नाहीत? सगळ्या प्रसंगाचा गाभाच तो आहे.”

तिथे मी अडकले. एकतर आणखी खोटं बोलायचं, नाहीतर सगळं सांगायचं. म्हटलं, लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. “म्हणजे?” म्हणाल्या. मग सांगितलं. ओव्हर, दोन वाजता, चौकोन, तुम्ही, हरीण, सगळं. मग त्यांनी विचारलं, “त्या गृहस्थांना आता हे कळलंय का?” म्हटलं, कळवलंय. म्हणाल्या, “त्यांना सांगा, ते निरीक्षण कमी नव्हतं.”

सत्र रद्द झालं. नाव काढलेलं नाही, हे त्यांनी पुष्कळ भांडून मिळवलं असं दिसतं. जानेवारीत पहिल्यापासून सुरू. एप्रिलच्या आत वर्ष पुरं होणार नाही. वॉर्ड जाणार. कुणाकडे जाणार तेही ठरलंय, मी जिला शिकवलं तीच. ती काल माझ्यासमोर रडली. म्हणाली, “ताई, दोनची ओव्हर मी घेईन, तुम्ही क्लासला बसा.” मी तिला ‘चल, कामाला लाग’ म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन आले.

आता एक गोष्ट, जी मी मॅडमना सांगितली नाही, कारण ती त्यांची नाही. चार ते सहा मामीने काय केलं. फारसं काही नाही. उशी काढायला लावली. मग चष्मा मागितला. वाचायचं काही नव्हतं, नुसता घातला आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिली. एकदा म्हणाली, “या पंख्याला कुणी पुसत नाही का?” मी बाकीचे पेशंट बघून परत परत येत होते. मी आले की एक डोळा उघडायची आणि मिटायची. पाचच्या सुमाराला म्हणाली, “किती छान आवाज येतात गं इथे.” मला तर ट्रॉलीचा आणि भांड्यांचा आवाज येत होता.

बस. एवढंच होतं ते.

मी तुम्हाला भेटायला येऊ का?

खारूताई

१ ऑक्टोबर

खारूताई,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर लिहायला चार वेळा बसलो. दर वेळी दुसऱ्या ओळीत उपमा आली. फाडलं.

मी रागावलो आहे. कुणावर, ते ठरत नाही. तिच्यावर म्हणावं तर ती नाही. तुझ्यावर म्हणावं तर तू तिचं ऐकलंस, आणि मी असतो तर ऐकलं नसतं. अकरा वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलो की शेवटच्या क्षणी तिला माझी कविता ऐकायची होती. आता त्या सगळ्यांकडे परत जाऊन काय सांगू?

तू लिहितेस, ‘आवडीने ऐकलं’ असं ती म्हणाली. हे तिचं वाक्य की मला बरं वाटावं म्हणून तू घातलेलं, असं विचारणार होतो. कागदावर लिहिलंही होतं. खोडलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला ते हवं आहे.

तुझा वॉर्ड माझ्यापायी गेला. मी नुसता बसायचा होतो, मी लिहायला लागलो. यावर काय म्हणायचं असतं, मला खरंच येत नाही.

येऊ का, असं काय विचारतेस? रविवारी ये. दार उघडंच ठेवतो. बोलणार नाही असं वचन देत नाही, ते मला झेपणार नाही. पण खुर्च्या खिडकीपाशी मांडून ठेवतो. बसू. मी मध्येच काही सुरू केलं तर माझा हात धर.

मामा